वीस सेंटिमीटर, वीस हजार टन

•

१९५४ सालच्या मूळ जपानी सिनेमातला गॉडझिला ५० मीटर उंच आणि २०,००० टन वजनाचा, असं तोहो या निर्मात्या कंपनीने दिलेलं माप आहे. मी करतोय तो २० सेंटिमीटरचा, म्हणजे एकास अडीचशे या प्रमाणात. उंची अडीचशे पटींनी कमी झाली की घनफळ अडीचशेच्या घनाने कमी होतं, म्हणजे १ कोटी ५६ लाख २५ हजार पटींनी. वीस हजार टनांना एवढ्याने भागलं की हाती उरतात १ किलो २८० ग्रॅम. तेवढं वजन मूर्तीत भरणं अवघड नाही. मांड्यांत आणि शेपटीच्या बुडाशी गंजके नट-बोल्ट घातले की काटा तिथे पोचतो. पण काट्यावरचं वजन उचलणाऱ्याला कळतं, बघणाऱ्याला नाही. बघणाऱ्याला ते आकारातून, उभं राहण्यातून, कातडीतून कळावं लागतं. या वहीतली टिपणं त्या एकाच गोष्टीच्या शोधात आहेत.

•

सामान. बाइंडिंग वायर, म्हणजे स्लॅबच्या सळया बांधायची मऊ लोखंडी तार. सायकलचा एक स्पोक, पाठीच्या कण्यासाठी. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेले प्लास्टिकचे डायनोसॉर. मोडके असले तरी चालतात, कारण हवे असतात ते मांड्या आणि जबडे. आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण, पाठीवरच्या पात्यांसाठी. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल. विमानांच्या आणि रणगाड्यांच्या जुन्या मॉडेल किटमधल्या उरलेल्या चौकटी, ज्यांना भाग जोडलेले असतात त्या. ढोबळ भरावाला एम-सील, आणि वरच्या कातडीला म्युरल करणारे वापरतात ती शिल्पकार पुट्टी. हत्यारं म्हणजे पक्कड, कानस, दाभण, दातकोरणी, आणि ओळखीच्या दंतवैद्यांनी टाकून दिलेल्या दोन बारीक कोरण्या. या कोरण्यांची सर दुसऱ्या कशालाच नाही.

•

सुट्या भागांतून राक्षस जोडायचा तर गॉडझिलासारखा दुसरा नाही, कारण तो मुळातच तसा जोडलेला आहे. त्याचा आराखडा करताना तीन प्राणी एकत्र केले गेले: टायरॅनोसॉरस, इग्वानोडॉन आणि पाठीवरच्या पात्यांसाठी स्टेगोसॉरस. तेइझो तोशिमित्सु यांनी त्याचे मातीचे नमुने केले. एकाची कातडी खवल्यांची, एकाची चामखिळींची, एकाची मगरीसारखी खडबडीत, उभ्या वळ्यांची. निवडला गेला तो तिसरा.

या निवडीचं मोल हातात पुट्टी घेतल्यावर कळतं. खवलं ही मोजता येणारी गोष्ट आहे. डोळा नकळत ती मोजतो आणि प्राण्याचं माप काढून मोकळा होतो. वेड्यावाकड्या वळ्या मोजता येत नाहीत. त्यामुळे प्राणी किती मोठा आहे याचा अंदाज बांधायला कुठेही टेकण मिळत नाही.

•

सांगाडा. तार एकेरी वापरायची नाही. गुळगुळीत तारेवर पुट्टी धरत नाही. ती घट्ट झाल्यावर मूर्तीचा हात आतल्या आत गोल फिरतो. तार दुहेरी करून एक टोक दाराच्या कडीत अडकवायचं, दुसरं ड्रिलच्या तोंडात धरायचं आणि हळूहळू पीळ द्यायचा. पिळाच्या खाचांत पुट्टी घट्ट बसते.

आता उभं राहणं. डोक्यापासून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडला. दोरा दोन पावलांच्या मध्ये पडला पाहिजे. टाचांच्या मागे पडला तर प्राणी रेललेला दिसतो, बोटांच्या पुढे पडला तर पळायच्या बेतात दिसतो. दोन्हींत भार हरवतो. गुडघे किंचित वाकलेले, कंबर रुंद, खांदे अगदी अरुंद. धान्याचं भरलेलं पोतं उभं केलं की दाणे बुडाशी बसतात आणि पोतं खाली फुगतं, तशी याची बाह्यरेषा हवी. वरून खाली येताना प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा जाड. मूळ पोशाखाचं छायाचित्र उलटं धरून पाहिलं की हे चटकन लक्षात येतं.

•

तो पोशाख. सिनेमाची विशेष दृश्यं सांभाळणारे एइजी त्सुबुराया यांच्यावर १९३३ च्या 'किंग काँग'चा मोठा प्रभाव होता. बाहुली एकेका फ्रेमला जरा जरा हलवून चित्रण करायचं, ही काँगची पद्धत त्यांनाही हवी होती. पण तेवढा वेळ आणि तेवढी अनुभवी माणसं हाताशी नव्हती. मग माणूस आत घालायचं ठरलं. बांबू आणि तारेचा सांगाडा, त्यावर जाळी आणि गादीचा थर, वर रबराचे लेप. पहिला पोशाख सुमारे १०० किलोंचा झाला. अभिनेते हारुओ नाकाजिमा त्यात शिरले तेव्हा चालणं जवळजवळ अशक्य होतं. नंतर हलका पोशाख केला गेला, आणि पहिला मधोमध कापून त्याचा खालचा भाग पावलांच्या जवळच्या दृश्यांसाठी वापरला गेला.

नाकाजिमांनी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती, अस्वलं यांचं चालणं पाहिलं होतं. पडद्यावर पाऊल उचलायला जो उशीर लागतो, तो अभिनय आहेच. पण तो खऱ्या ओझ्याखालच्या खऱ्या पायांचाही उशीर आहे. तो भार कोणीतरी प्रत्यक्ष वाहिलेला आहे. म्हणूनच सत्तर वर्षांनंतरही ते चालणं जुनं वाटत नाही.

•

भाचीने विचारलं, "मामा, ह्याची शेपूट एवढी जाड कशाला?"

"तू दोन पायांवर उभी राहून हात मागे टेकव. किती पाय झाले?"

"तीन."

"तेच. तिसरा पाय आहे तो."

ती म्हणाली, मग तो तिसरा पायही दमलेला दिसला पाहिजे. बरोबर आहे. शेपटीचा जमिनीला टेकलेला भाग चपटा केला. गोल राहिली असती तर ती नुसती ठेवलेली दिसली असती. चपटी झाल्यावर ती टेकलेली दिसते.

•

पुट्टीचा स्वभाव. दोन कांड्या असतात, एकीत राळ आणि दुसरीत ती घट्ट करणारं द्रव्य. सारख्या मापाने घेऊन मळायच्या, रंगाच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत. रेघ राहिली तर ती जागा कायमची चिकट राहते. मळल्यावर दोन्हींचे रेणू एकमेकांत गुंफत जातात आणि जाळं तयार होतं. पाणी उडून जाऊन ही वस्तू सुकत नाही, रासायनिक क्रियेने घट्ट होते. म्हणून शाडूची माती जशी सुकताना आकसते आणि तडकते, तसं इथे होत नाही. तारेवर, स्क्रूवर, प्लास्टिकच्या मांडीवर एकाच वेळी थर चढवला तरी कुठे भेग पडत नाही. वेगवेगळ्या जातीचे सुटे भाग एका अंगात आणण्याची सगळी ताकद या एका गुणात आहे.

घट्ट होताना ती उष्णता सोडते, आणि उष्णतेने घट्ट होणं आणखी वेगात होतं. मोठा गोळा मळला तर तो स्वतःच्याच उबेने लवकर आवळतो. म्हणून सुपारीएवढाच गोळा घ्यायचा. एप्रिल-मे महिन्यांत तर त्याहूनही लहान.

हातमोजे हवेतच. घट्ट करणाऱ्या द्रव्याची कातडीला ॲलर्जी जडू शकते, आणि जडली की सहसा सुटत नाही. घासताना नाका-तोंडावर मास्क.

•

मऊ प्लास्टिकच्या खेळण्यावर पुट्टी नुसती लावली तर काही दिवसांनी सालपटासारखी सुटते. पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरवडायचा, गरम दाभणाने भोकं पाडायची, त्यांतून तारेचे छोटे आकडे बाहेर काढायचे, मग पुट्टी दाबायची. ती भोकांत शिरते आणि आतून पकड घेते.

•

सिनेमात वजन दाखवायचं तर वेळ ताणावा लागतो. ५० मीटरवरून पडणाऱ्या वस्तूला जमिनीवर यायला सुमारे ३.२ सेकंद लागतात. २ मीटरवरून पडणाऱ्या वस्तूला ०.६४ सेकंद. फरक पाचपट. पोशाख घातलेला माणूस सुमारे २ मीटरचा, गॉडझिला ५० मीटरचा, म्हणजे प्रमाण एकास पंचवीस. आणि पंचविसाचं वर्गमूळ पाच. तेव्हा हिशेबाप्रमाणे कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेम या वेगाने चालवायचा आणि दाखवताना नेहमीच्या वेगाने दाखवायचं. मग कोसळणारी छोटी भिंत खऱ्या इमारतीच्या गतीने खाली येते. त्सुबुरायांच्या चमूने कॅमेऱ्याचा वेग वाढवूनच ती पडझड चित्रित केली.

मूर्तीला वेळ नसतो. तिच्या हाती एकच क्षण असतो, आणि तो निवडणं हेच काम. उचललेलं पाऊल टाळावं. हवेतलं पाऊल कितीही मोठं असलं तरी हलकंच दिसतं. पाऊल पडून गेलंय, धक्का गुडघ्यातून कंबरेकडे चाललाय, मान अजून खाली झुकलेली आहे, असा क्षण धरायचा.

•

गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात दाखवून दिलं की प्राणी नुसता सगळ्या बाजूंनी सारखा मोठा करत नेला तर त्याची हाडं त्याला पेलणार नाहीत. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ च्या एका प्रसिद्ध निबंधात हीच गोष्ट परीकथेतल्या राक्षसांना लावली: ते पहिल्याच पावलाला मांडीचं हाड मोडून घेतील. (हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.)

माझ्या मूर्तीच्या तळपायावर जो दाब येतो, त्याच्या अडीचशे पट दाब खऱ्या गॉडझिलाच्या तळपायावर येईल. तो उभाच राहू शकत नाही. मग पडद्यावर आपण त्याला का मानतो? माझं उत्तर असं, की शरीर हिशेबात बसतं की नाही हे डोळा बघत नाही. डोळा बघतो तो शरीराचा प्रामाणिकपणा. ज्याला ओझं आहे ते ओझ्याने वाकलेलं दिसलं, की आपला विश्वास बसतो. मांडी जाड केली, पाऊल पसरट केलं, घोटा जवळजवळ नाहीसा केला, की ते शरीर आपल्याकडून होईल तेवढं करतंय असं वाटतं.

•

एका राक्षसाचे अवयव दुसऱ्याला लावणं हा या धंद्यातला जुना आणि मानाचा रिवाज आहे. काँगच्याच पद्धतीने बाहुल्या हलवणाऱ्या रे हॅरीहाउझन यांनी १९५७ च्या सिनेमातल्या यमिर या शुक्रावरच्या प्राण्याचा धातूचा सांगाडा पुढच्याच वर्षी सिंदबादच्या सिनेमातल्या एकाक्ष राक्षसाला वापरला. १९६३ च्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मधल्या सात सांगाड्यांपैकी एक त्याच सिंदबादच्या सिनेमातून आलेला. त्या सात सांगाड्यांची लढाई पडद्यावर काही मिनिटांत संपते. ती चित्रित करायला साडेचार महिने लागले होते. १९५५ साली पैसे कमी होते म्हणून त्यांचा ऑक्टोपस सहाच पायांचा झाला, आणि तरीही त्याने पडद्यावर सॅन फ्रान्सिस्कोचा पूल मोडला.

जपानात तर हिशेबच वेगळा. १९६५ च्या सिनेमातल्या बारागॉन या राक्षसाचा एकच पोशाख फेरफार करून दूरचित्रवाणीवरच्या मालिकांमधल्या चार वेगवेगळ्या राक्षसांसाठी वापरला गेला, आणि १९६८ च्या सिनेमासाठी पुन्हा बारागॉन झाला. खुद्द गॉडझिलाच्या पोशाखालाही मानेभोवती झालर लावून १९६६ च्या 'अल्ट्रामॅन'मध्ये जिरास नावाने उभं केलं गेलं.

अमेरिकेत 'स्टार वॉर्स'च्या मॉडेलकारांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या, विमानांच्या किटमधले भाग अवकाशयानांच्या अंगावर चिकटवले. तिथेही हेतू मापाचाच. बारीक तपशिलांनी भरलेला पृष्ठभाग प्रचंड वाटतो.

•

बोटांचे ठसे. काँगच्या लहान बाहुल्या मार्सेल डेलगाडो यांनी केल्या, सुमारे ४५ सेंटिमीटरच्या. आत सांध्यांचा धातूचा सांगाडा, त्यावर खऱ्या स्नायूंच्या जागी ताणले जाणारे रबरी स्नायू, वर सशाची फर. विलिस ओब्रायन प्रत्येक फ्रेमला बाहुली हलवत, तेव्हा बोटांनी फर विस्कटे. पडद्यावर ती सतत सळसळते. प्रेक्षकांना ते काँगचं अंग फुलणं वाटलं. करणाऱ्याच्या हाताची खूण प्राण्याच्या रागात मिसळून गेली.

पुट्टीवर उलट होतं. बोटाच्या ठशातल्या दोन रेघांत साधारण अर्धा मिलिमीटर अंतर असतं. एकास अडीचशेने ते साडेबारा सेंटिमीटर होतं. ५० मीटरच्या अंगावर साडेबारा सेंटिमीटरच्या सरळ समांतर रेघा कुठून येतील? डोळा तो ठसा क्षणात ओळखतो आणि मूर्ती पुन्हा वीस सेंटिमीटरची होते. प्रत्येक थर अर्धवट घट्ट झाला की ओल्या मऊ ब्रशने ठसे पुसायचे. पाणी थोडंच. जास्त झालं की वरचा पापुद्रा बुळबुळीत होतो आणि पुढचा थर धरत नाही.

•

कातडी.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. धोक्याच्या हद्दीबाहेर मासेमारी करणाऱ्या 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. बोटीवर २३ जण होते. त्यांच्यातले रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. 'गॉडझिला' प्रदर्शित झाला ३ नोव्हेंबरला. त्याची सुरुवातच एका बोटीने होते: डेकवर निवांत बसलेले खलाशी, समुद्रात झगझगीत उजेड, आणि आग. त्या प्रेक्षकांना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

दिग्दर्शक इशिरो होंडा चीनमध्ये सैनिक होते. युद्धानंतर घरी परतताना ते हिरोशिमातून गेले होते. गॉडझिलाच्या कातडीचं नातं तिथल्या वाचलेल्या माणसांच्या अंगावर उठलेल्या केलॉइड व्रणांशी जोडलं जातं. कातडी करायला बसण्याआधी मी हे स्वतःला पुन्हा सांगतो. ही शोभेची नक्षी नाही. हा प्राणी भाजलेला आहे.

त्यातून कामाचे नियम आपोआप निघतात. ठसा उठवायचा साचा वापरायचा नाही. साचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा छापतो, आणि जखम कधी तशीच्या तशी दोनदा होत नाही. पुट्टीच्या तांदळाएवढ्या वळ्या हाताने वळायच्या, ओल्या पृष्ठभागावर उभ्या लावायच्या, कोरणीने दोन्ही कडा खाली दाबायच्या आणि माथा तसाच फुगीर, गुळगुळीत ठेवायचा. व्रणाचा माथा गुळगुळीत असतो. वळ्या मधूनच एकमेकींत मिसळतात, कुठे दुभंगतात, कुठे संपतात. छातीवर त्या पसरतात, गुडघ्याच्या मागे दाटतात, कारण तिथे कातडी रोज दुमडते. टाचेपाशी सगळ्यात जाड.

हे काम सावकाश चालतं. एका बैठकीत एक मांडी होते. अशा वेळी घाई करणं म्हणजे विषयाचाच अनादर आहे असं मला मनापासून वाटतं.

•

दात. किटची चौकट मेणबत्तीवर, ज्योतीला न टेकवता, फिरवत गरम करायची. मधे चकाकी आली की बाजूला घेऊन दोन्ही टोकं सावकाश ओढायची. प्लास्टिकचा बारीक होत जाणारा धागा मिळतो. भरभर ओढलं तर केसासारखा, हळू ओढलं तर टाचणीसारखा. त्याचे तिरपे तुकडे कापले की दात तयार. ते हिरडीत नुसते टोचायचे नाहीत, प्रत्येकाच्या मुळाशी पुट्टीची बारीक कड द्यायची. सगळे एका उंचीचे आणि एका कोनात असतील तर कंगवा दिसतो. मगरीच्या तोंडात पाहावं: नवे, जुने, पडलेले, वाकडे, सगळे शेजारी शेजारी.

१९५४ च्या गॉडझिलाला पायाला चार बोटं आणि डोक्याला छोटे कान आहेत. १९६२ च्या पोशाखात एक बोट कमी झालं आणि कान गेले. कान ठेवायचे, ते ऐकणारं जनावर वाटतं.

•

पाठीवरची पाती झाकणाच्या प्लास्टिकमधून कापली, मधली रांग मोठी, बाजूच्या लहान. कडा कात्रीच्या ठेवल्या की कागदी दिसतात. दोन्ही बाजूंनी पुट्टीचा पातळ हात, मुळाशी जाड, कडेला झिजलेला, मधूनच तुटलेला. प्रत्येक पातं कण्यात तारेने रोवलेलं. वजनाचा विचार इथेही आहे: पात्यांचं ओझं पाठ वाहते, म्हणून त्यांच्या मुळाशी कातडी उचललेली आणि ताणलेली दिसायला हवी.

•

या कारागिरीचा आपल्याकडचा धागा दादासाहेब फाळक्यांपर्यंत जातो. बडोद्याच्या कलाभवनात ते मॉडेलिंग शिकले होते, पुढे जादूचे प्रयोगही करत. १९१२ साली त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी फिल्मवर घेऊन 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. एकेक फ्रेम जोडून काळाला वाकवण्याची हीच युक्ती पुढे विलिस ओब्रायनने प्राण्यांना लावली. १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज'मध्ये फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली. त्या सिनेमाचा बराच भाग आज उपलब्ध आहे. एवढ्याशा मुलीच्या पायाखाली एवढा मोठा नाग दबलेला दाखवायचा, म्हणजे तिथेही प्रश्न वजनाचाच होता. फाळक्यांनी तो बघणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून सोडवला. काठावरचे गोकुळवासी घाबरलेले, मग चकित झालेले दिसतात, आणि नागाचा भार आपल्याला त्यांच्याकडून कळतो.

मॉडेलिंग शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात हा सिनेमा दाखवावा.

•

आवाजालाही वजन असतं. संगीतकार आकिरा इफुकुबे यांनी गॉडझिलाची डरकाळी कुठल्याही प्राण्याकडून घेतली नाही. डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारेवरून राळ लावलेला चामडी हातमोजा ओढला आणि मिळालेला आवाज आणखी संथ केला. मूर्ती करताना हे ध्यानात ठेवतो: उघडलेल्या तोंडातून बारीक किंचाळी निघेल की ती डरकाळी, हे जबड्याच्या मागच्या खोलीवर ठरतं. घसा खोल कोरावा.

•

रंगाच्या चाचण्या एका जास्तीच्या शेपटीवर. मूळ पोशाख राखाडी-काळा होता आणि सिनेमाही कृष्णधवल, तेव्हा हिरव्याचा मोह नको. आधी काळा प्रायमर, मग गडद राखाडी, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने वळ्यांच्या माथ्यांवरून फिकट राखाडी. शेवटी मॅट वॉर्निश. चकाकी मापाची वैरी आहे. चकाकणाऱ्या पृष्ठभागात खोलीतला दिवा आणि खिडकी दिसते, आणि एकदा खिडकी दिसली की प्राणी खिडकीपेक्षा लहान होतो. चकाकी फक्त डोळ्यांत आणि जिभेवर.

•

जपानमध्ये घरच्या घरी असे राक्षस घडवणाऱ्यांची स्वतंत्र परंपरा आहे. ओसाकाजवळ सुरू झालेलं कायोदो हे त्यातलं मोठं नाव. वंडर फेस्टिव्हल या जत्रेत हौशी शिल्पकार आपल्या हातची किट विकतात, आणि हक्क असलेल्या कंपन्या त्यांना फक्त त्या एका दिवसापुरता परवाना देतात. कायदा आणि हौस यांचा इतका समंजस मेळ क्वचितच दिसतो. पेणपासून कोल्हापूरपर्यंत मूर्तिकारांची एवढी जाण असलेल्या महाराष्ट्रात अशी एक जत्रा भरली पाहिजे. हात इथे आहेत, फक्त त्यांना राक्षस करायला कोणी सांगितलेलं नाही.

•

२०२४ साली 'गॉडझिला मायनस वन'ला दृश्य परिणामांसाठी ऑस्कर मिळालं. ६१० दृश्यं आणि ३५ जणांचा चमू. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी आणि त्यांचे सहकारी मंचावर गेले तेव्हा त्यांच्या हातांत गॉडझिलाच्या छोट्या मूर्ती होत्या. जवळजवळ सगळं काम संगणकावर झालेलं, तरी बरोबर न्यावीशी वाटली ती हातात मावणारी, वजन असलेली वस्तू.

•

पाया. सिनेमात गॉडझिलाच्या आधी त्याचं पाऊल दिसतं. ओदो बेटावर सिनेमातले शास्त्रज्ञ डॉ. यामाने यांना जमिनीत एक प्रचंड ठसा सापडतो, आणि तो किरणोत्सारी असतो. प्राणी न दाखवता त्याचं वजन सांगायची यापेक्षा नेमकी रीत नाही. म्हणून मूर्ती सपाट लाकडावर उभी करायची नाही. पुट्टी ओली असताना पावलं त्यात दाबायची, बोटांच्या मधून ती वर आली पाहिजे, कडेने रस्ता तडकला पाहिजे.

एकास अडीचशेने २० मीटरचा रेल्वेचा डबा ८ सेंटिमीटरचा होतो. तो बाजारातल्या खेळण्यातून मिळणार नाही, झाकणाच्या उरलेल्या प्लास्टिकचा करावा लागेल. मधोमध मोडलेला.

आणि माणसं. १७० सेंटिमीटरचा माणूस ६.८ मिलिमीटरचा होतो. तारेचा तुकडा, पुट्टीचे दोन कण, डोक्याला टोकदार दाभणाचा एक स्पर्श. एवढ्याशा आकारात चेहरा येत नाही, पण चाल येते. सिनेमात एक आई मुलांना कवटाळून भिंतीशी बसलेली आहे. त्यांचे वडील आधीच गेलेत आणि आता आपण त्यांच्याकडेच जाऊ, असं ती मुलांना सांगते. पुढे इस्पितळातल्या जमिनीवर ओळीने झोपवलेली माणसं, आणि एका मुलासमोर धरलेलं किरणोत्सार मोजायचं यंत्र. या दोन दृश्यांनंतर राक्षसाच्या आकाराविषयी कोणाला शंका उरत नाही. भार मोजायची खरी जागा ती आहे.

तेव्हा माणसं साच्यातून काढायची नाहीत, एकेक वेगळं करायचं. पळणाऱ्यांत म्हातारे हवेत, कडेवर मूल घेतलेल्या बायका हव्यात, सायकल टाकून पळणारा एक पोरगा हवा, उलट दिशेने कोणाला तरी शोधत जाणारा एक माणूस हवा. पुढच्या बैठकीत आधी ही सगळी करणार. मूर्तीला रंग त्यानंतर.